देणगी किलोमीटरला बांधू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तापीकाठच्या घोडेबाजारात राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशापासूनचे घोडे उतरतात आणि खानदेशात पुढचे दोन महिने घोड्यांचेच बोलणे चालते. आठ-दहा घोडेवाले मित्र एकत्र येतात आणि कोणाच्या शस्त्रक्रियेसाठी, कुठल्या आश्रमशाळेसाठी घोड्यावरून मदतफेरी काढायचा बेत ठरतो. बेत चांगला आहे. हौसेच्या जनावराचा असा उपयोग व्हावा असे आम्हालाही मनापासून वाटते. पण फेरीची आखणी करताना एक चूक अगदी सुरुवातीलाच होते आणि तिची किंमत घोडा मोजतो, म्हणून हे पत्र.

पैसा गोळा करताना पहिला मोह होतो तो ‘किलोमीटरमागे अमुक रुपये’ या पद्धतीचा. धावण्याच्या किंवा सायकलच्या फेरीत ही पद्धत चालते, कारण दमणारा आणि थांबायचे ठरवणारा माणूस एकच असतो. घोड्यावर तसे नाही. दमतो घोडा, ठरवतो स्वार, आणि स्वाराच्या डोक्यात पुढच्या पाच किलोमीटरचे पैसे असतात. घोडा कळपातला प्राणी. सोबतचे घोडे चालत असतील तर तो लंगडत, ताप अंगावर काढतही मागोमाग येत राहतो. त्यामुळे ‘तो स्वतःहून चालतोय’ हा काही पुरावा नव्हे. देणगी स्वारामागे ठरवा, दिवसामागे ठरवा, सरळ ठोक रक्कम घ्या, पण अंतराला बांधू नका. देणगीदाराकडून रक्कम आधीच घ्यावी आणि घोडा मध्येच थांबवला तरी ती कमी होणार नाही, हे त्याला तेव्हाच सांगावे. एवढे केले की वाटेत जनावरांच्या डॉक्टरने ‘हा घोडा पुढे नाही’ म्हटले तर कोणी वाद घालत नाही.

आता घोडा कोणता, आणि त्याच्यावर कोण बसणार. आपल्याकडचे काठियावाडी, मारवाडी घोडे देखणे आहेत, पण अंगाने हलके. जीन (म्हणजे खोगीर), लगाम आणि स्वार मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नको, हा सर्वसाधारण दंडक आहे. घोड्याचे वजन टेपने काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागून, तंग (खोगीर आवळायचा पट्टा) बसतो तिथून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा. त्याचा वर्ग करून खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर उत्तर साधारण ३४४ किलो येते. त्याचा पाचवा हिस्सा ६९ किलो. जीन, नमदा (खोगिराखालची जाड घडी), लगाम यांचे ९ किलो वजा केले की स्वाराला उरले ६०. हा आकडा वाचून बरेच मित्र नाराज होतील, पण तो पाळावा. ऐंशी-नव्वद किलोच्या मित्राने पाण्याचा टेम्पो सांभाळावा, रस्ता पाहून यावा, हिशेब ठेवावा. फेरीला ही माणसेही तितकीच लागतात.

लग्नाच्या वरातीची घोडी अशा फेरीला घेऊ नये. ती जागच्या जागी नाचायला शिकवलेली असते, सलग चालायची सवय नसते आणि तिच्या तोंडात अनेकदा काट्यांची कडी असते. १९६५ च्या ओढकामाच्या व भारवाहू जनावरांसंबंधीच्या नियमांत टोकदार, काटेरी लगामाला स्पष्ट मनाई आहे. त्याच नियमांत खोगिराची कमान आणि मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा यांत मोकळी जागा हवी, असेही लिहिले आहे. वरातीच्या जरीच्या खोगिराखाली हात घालून पाहा. मधली जागा बहुधा दबलेली सापडते आणि सगळा भार थेट कण्यावर येतो.

यात्रेत नुकताच घेतलेला घोडाही पहिल्याच आठवड्यात फेरीत आणू नये. ट्रकचा प्रवास, बदललेले पाणी, बदललेला चारा आणि शेकडो घोड्यांचा शेजार, एवढे सगळे तो सोसून आलेला असतो. स्ट्रँगल्ससारख्या घोड्यांच्या संसर्गजन्य आजारात जबड्याखालच्या गाठी सुजायला आणि नाकातून पू यायला काही दिवस जातात. तोवर घोडा वरून ठीक दिसतो. नवा घोडा किमान तीन आठवडे वेगळा बांधावा, सकाळ-संध्याकाळ ताप पाहावा. निरोगी घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग तर माणसालाही होतो आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे. फेरीतल्या प्रत्येक घोड्याची रक्ततपासणी पशुवैद्यकामार्फत करून दाखला घ्यावा. धनुर्वाताची लस झालेली असावी. आणि सर्वांत साधी गोष्ट जी हमखास विसरली जाते : प्रत्येक घोड्याची बादली वेगळी, तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) वेगळा. गावाच्या हाळावर सगळ्यांना एकत्र पाणी पाजले की एकाचे नाक दहांना भोवते. बादलीवर रंगाने घोड्याचे नाव लिहावे.

तयारीला सहा आठवडे द्यावेत. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड पाऊण तास नुसती चाल. पुढचे दोन आठवडे दीड तास, त्यात पाच-पाच मिनिटांची दुडकी (चालीहून वेगवान, उड्या घेत धावणे). पाचव्या आठवड्यात एकदा फेरीच्या अंतराच्या पाऊणपट रपेट, त्याच खोगिराने आणि त्याच स्वाराने. सहावा आठवडा हलका. स्नायू आणि दम महिन्याभरात येतो, पण कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) आणि हाडांना त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून ‘पंधरा दिवसांत घोडा एकदम तयार दिसतोय’ हा धोक्याचाच काळ. स्वारानेही या सहा आठवड्यांत बसायला शिकावे. लगाम धरून तोल सांभाळणारा स्वार प्रत्येक दुडकीला घोड्याच्या तोंडाला हिसका देतो. चढताना ओट्यावरून किंवा बांधावरून चढावे. जमिनीवरून रिकिबीला (पाय ठेवायच्या कडीला) लोंबकळत चढल्याने खोगीर एका बाजूला खेचले जाते आणि पाठ पिळते. पायात टाच असलेला बूट हवा, चप्पल किंवा जाड तळाचा स्पोर्ट्स बूट नको, कारण पडताना पाय रिकिबीत अडकला तर माणूस फरफटत जातो. रिकीब बुटापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असावी. डोक्याला घोडेस्वारीचे हेल्मेट हवेच. फेटा फोटोपुरता बांधावा आणि निघताना उतरवावा.

नाल फेरीच्या आदल्या दिवशी ठोकू नये. खिळा मऊ भागाच्या जवळ गेला असेल तर घोडा लगेच लंगडत नाही, एक-दोन दिवसांनी लंगडतो. आठवडाभर आधी नालबंदाला बोलवावे म्हणजे चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो. आपल्या काळ्या मातीचा स्वभावही लक्षात घ्यावा. ओल असेल तर ती खुरात घट्ट भरते आणि तिच्यात खडा दडला की तळ दुखावतो. कोरडी असेल तर भेगांत पाय मुरगळतो. दर थांब्याला चारही खूर आकड्याने कोरून पाहावेत. कापसाच्या शेतातून वाट काढू नये, उपटलेल्या-कापलेल्या पळकाट्यांचे बुंधे भाल्यासारखे असतात. वेड्या बाभळीचा काटा खुराच्या तळातल्या मऊ गादीत शिरला तर बाहेरून दिसतही नाही.

खोगिराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक घोडे तिथेच बिघडतात. नमदा टाकण्याआधी पाठीवरून उघडा तळहात फिरवावा. गोखरूचा एक काटा, घडी पडलेला पोत्याचा तुकडा, वाळलेल्या घामाची पापडी, यातले काहीही तीन तासांत जखम करते. नमदा थोडा पुढे टाकून मग मागे सरकवावा, म्हणजे केस सरळ बसतात. तंग एकदम आवळू नये. बरेच घोडे तंग आवळताना पोट फुगवतात. आधी सैल बांधून घोड्याला वीस पावले चालवावे, मग आवळावे आणि निघाल्यावर दहा मिनिटांनी उतरून तिसऱ्यांदा पाहावे. तळहात सपाट आत जाईल इतका तंग पुरे. थांब्यावर खोगीर उतरवल्यावर घामाचा ठसा वाचायला शिकावे. दोन्ही बाजूंना सारखा ओला ठसा आणि मधली कण्यावरची पट्टी कोरडी असेल तर खोगीर बरोबर बसले आहे. ओल्या ठशाच्या मधोमध तळहाताएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे इतका दाब पडला आहे की घाम यायचीही सोय उरली नाही. तो डाग तासाभरात सुजतो. त्या घोड्याची फेरी तिथेच संपली, मग तो कोणाचाही असो.

आता चारा-पाणी. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकता येत नाही. खाण्यातली चूक बाहेर टाकायला त्याच्याकडे वाटच नाही. म्हणून फेरीच्या दिवशी नवा चारा अजिबात नको. घरी दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा खात असेल तर सोबत दादरचाच कडबा न्यावा. वाटेतला गावकरी प्रेमाने उसाची वाढं, हिरवी कोवळी ज्वारी, सरकी पेंड, पेढे, गूळ पुढे करतो. हात जोडून नाही म्हणावे. कोवळ्या ज्वारीत विषारी घटक असतो, शेतकऱ्याला ते ठाऊकच आहे. त्याहून कमी जणांना ठाऊक असते ते कोंबडीखाद्याचे. त्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असू शकते. कोंबडीला चालणारी ती मात्रा घोड्याचे हृदय बंद पाडू शकते. मुक्कामाच्या गोठ्यात कोणते पोते उघडे आहे, हे आधी पाहावे. चंदी (दाण्याचा खुराक) दिल्यावर किमान दोन तास काम देऊ नये. फेरीआधी विश्रांतीचे दिवस असतील तर त्या दिवसांत चंदी निम्मी करावी. भरपूर दाणा खाऊन उभा राहिलेला घोडा एकदम कामाला लावला की पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे आखडतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. अशा वेळी त्याला एक पाऊलही चालवू नये. जागीच उभा ठेवून डॉक्टरला बोलवावे.

‘घामेजल्या घोड्याला पाणी पाजू नये’ हे वाडवडिलांपासून ऐकलेले वाक्य आता सोडून द्यायला हवे. घोड्याचा घाम त्याच्या रक्तापेक्षा खारट असतो. माणसाचा तसा नसतो. पाण्याबरोबर मीठही जाते, त्यामुळे पाणी कमी पडूनही त्याला तहान लागत नाही. ऐन वेळी पाणी नाकारले की नंतर तो पीतच नाही, आतड्यातला चारा कोरडा होतो आणि रात्री पोटशूळ उठतो. दर थांब्याला, साधारण पाऊण-एक तासाने, पाणी पुढे धरावे, हवे तेवढे पिऊ द्यावे आणि मग पाच-दहा मिनिटे चालवावे. रोजच्या खाण्यात साधे मीठ ३० ग्रॅम आणि घामाच्या दिवशी दुप्पट. घोड्याला विश्रांतीतही दिवसाला २५ ते ३० लिटर पाणी लागते, कामाच्या दिवशी दुपटीपर्यंत जाते. दहा घोड्यांच्या फेरीला ५०० लिटरची टाकी टेम्पोवर असावी. पाजणे आणि मान-छाती-पायांवर ओतणे, दोन्ही त्यात भागते. पाटाचे किंवा औद्योगिक वसाहतीजवळच्या नाल्याचे पाणी भरवशाचे धरू नये.

एका दिवसाला २० किलोमीटर पुरेत. साधी चाल तासाला ५ ते ६ किलोमीटर पडते, दुडकी १२-१३. बहुतेक चाल आणि मऊ रस्त्यावर थोडी दुडकी धरली तर थांब्यांसह चार तास लागतात. हिवाळ्यात आपल्याकडे सातनंतर उजाडते. साडेसातला निघून साडेअकराच्या आत पोचावे. होळीनंतर फेरी काढूच नये. वर सांगितलेल्या १९६५ च्या नियमांत ३७ अंशांवर तापमान असताना दुपारी १२ ते ३ जनावर कामाला लावू नये असे आहे, आणि जळगाव-धुळ्यात मार्चअखेर तो आकडा गाठला जातो. रस्ता शिवारातला, पाटाकडेचा निवडावा. डांबरावर दुडकी नको, चौखूर तर कधीच नको. तोरणमाळचा घाट घोड्यावरून उतरण्याचा हट्ट काही जण धरतात. उतारावर सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि नाल डांबरावर घसरते. तिथे पायउतार होऊन घोडा हाताने न्यावा. तापीवरच्या लांब पुलांवरही तसेच, कारण ट्रक जवळून गेला की पुलाची थरथर घोड्याला खुरांतून जाणवते.

हा हंगाम ऊसतोडीचा. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून येतो आणि त्याला पटकन थांबता येत नाही. फेरीच्या २०० मीटर पुढे एक आणि मागे एक मोटारसायकल लाल झेंडी घेऊन असावी. ट्रॅक्टरवाल्याला आधीच थांबवून आवाज बंद करायला सांगितले तर कोणी नाही म्हणत नाही. महामार्ग ओलांडताना सगळे घोडे एकदम ओलांडावेत. चार पलीकडे आणि एक अलीकडे राहिला तर तो एकटा घोडा गाड्या न पाहता कळपाकडे धाव घेतो. चालताना दोन घोड्यांत एका घोड्याची लांबी मोकळी ठेवावी. दुगाण्या झाडणाऱ्याच्या शेपटीला लाल फीत बांधून तो सर्वांत मागे. नर घोडा माजावरच्या घोडीमागे नको.

उद्घाटनाला बँड, डीजे, फटाके नकोत, ही कळकळीची विनंती. पाहुण्यांच्या भाषणात खोगीर आवळलेले घोडे तासभर उन्हात उभे करू नयेत. भाषणे आधी आणि खोगीर नंतर.

प्रत्येक थांब्यावर चार गोष्टी पाहायला पाच मिनिटे लागतात. जबड्याच्या आतल्या कडेला बोटे ठेवून नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणावी. विश्रांतीत ती २८ ते ४४ असते. थांबल्यावर दहा मिनिटांत ती ६० च्या खाली यायला हवी. आंतरराष्ट्रीय लांब पल्ल्याच्या शर्यतींतही ठरल्या मुदतीत नाडी ६४ वर आली नाही तर घोडा बाद होतो, आणि ते घोडे वर्षानुवर्षे तयार केलेले असतात. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी व्हावी. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसावी. कुशीला कान लावला की गुरगुर ऐकू यावी. शांतता ही वाईट खूण. मग घोड्याला दोरीने सरळ दहा-पंधरा पावले दुडकीत धाववावे. डोके वर-खाली हलत असेल तर पुढचा पाय दुखतोय.

घोडा कुशीकडे वळून पाहू लागला, खुराने जमीन उकरू लागला, लोळायला बघू लागला तर पोटशूळ समजावा. तेल-हिंगाची बाटली तोंडात किंवा नाकात ओतू नये; ते फुप्फुसात जाते आणि शुळातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. चारा काढून घ्यावा, शांतपणे चालवावे, डॉक्टरला बोलवावे. घोड्याचा सराव असलेला डॉक्टर प्रत्येक तालुक्याला मिळेलच असे नाही, म्हणून तो आधी ठरवून त्याचे मानधन खर्चात धरावे. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक सर्वांच्या मोबाइलमध्ये असावा. आजारी घोडा परत आणायला रिकामा टेम्पो मागे हवाच, तळाला उसाचे पाचट जाड पसरलेला. चढवायला फळी नसेल तर शेताचा बांध चालतो.

पैशांबाबत थोडक्यात. गोळा करणारी नोंदणीकृत संस्था नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. गणेश मंडळांना ही वाट माहीत आहे. त्याहून सोपे म्हणजे देणगीदाराने थेट रुग्णालयाच्या किंवा संस्थेच्या खात्यात भरावे आणि पावती तिथूनच घ्यावी. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे देणगीदाराला आधी सांगावे. चारा, डॉक्टर, टेम्पो, नालबंद, टी-शर्ट हा खर्च स्वारांनी आपापसांत वाटून घ्यावा, देणगीतून एक रुपयाही नको. हा खर्च परवडत नसेल तर घोडे कमी करावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाठीवरून हात फिरवावा, चारही पाय गुडघ्याखाली चाचपावेत. एखादा पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर थंड पाणी वीस मिनिटे आणि विश्रांती. लीद नेहमीसारखी पडली का, हे पाहिल्याशिवाय चंदी पूर्ववत करू नये.

संपादक महोदय, आपल्या पानावर अशा फेऱ्यांची बातमी येते तेव्हा सोबत दोन पायांवर उभ्या केलेल्या घोड्याचा फोटो असतो. लगाम खेचून घोडा उभा करणे सोपे आहे, आणि तो फोटो पाहूनच पुढच्या वर्षीचे स्वार तयार होतात. त्याऐवजी किती पैसे जमले, कोणाच्या खात्यात किती पोचले आणि वाटेत किती घोडे थांबवले, हे तीन आकडे छापावेत. तिसरा आकडा शून्य नसेल तर तोही ठळक छापावा, म्हणजे पुढच्या फेरीतल्या स्वाराला घोडा थांबवताना लाज वाटणार नाही.

आपले,
घोडे पाळणारे आणि त्यांची देखभाल करणारे काही वाचक
शहादा तालुका, जि. नंदुरबार